सातव्या रकान्यातल्या बाया

पहिल्या खेपेला एकोणीस नोंदी बसल्या नाहीत, तेव्हा विदादला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकूण नोंदी दोन हजार आठशे सेहेचाळीस. त्यात एकोणीस म्हणजे परातभर कुसकुसात एक खडा. काढून टाकायचा आणि पुढे खायचं.

काम सरळ होतं. बोर्ज एल-मेल्हच्या संग्रहालयातल्या वस्तूंची माहिती जुन्या वेब-सर्व्हिसवर होती. ती पन्नास-पन्नास नोंदींची पानं देत असे, अशी सत्तावन्न पानं. विदादने प्रत्येक पान मागवायचं, त्यातला एकेक रकाना नव्या डेटाबेसमधल्या योग्य रकान्याशी जोडायचा, आणि सगळा माल तिकडे उतरवायचा. ती राजधानीतून सहा आठवड्यांच्या करारावर आली होती. चार आठवडे संपले होते.

अडत होतं ते सातव्या रकान्यात. सातवा रकाना म्हणजे 'स्थान'. तिथे खोली, कपाट आणि फळी यांचे आकडे असायचे. जरीकामाचा नवरीचा अंगरखा, क्रमांक ११७४, याचं स्थान १-३-२: पहिली खोली, तिसरं कपाट, दुसरी फळी. पण त्या दिवशी, गुरुवारी, वेब-सर्व्हिसने ११७४ चं स्थान दिलं 'रबिया'. डोक्यावरून घ्यायच्या रेशमी ओढणीचं स्थान 'रबिया'. चांदीच्या पैंजणांचं स्थान 'झुबैदा'. अशी एकोणीस.

रकाने सरकले असणार, असं विदादने ठरवलं. विणणारणीचं नाव चुकून सातव्यात आलं असेल. तिने चौथा रकाना पाहिला. विणणारणीचं नाव तिथे होतं, आणि ते रबिया नव्हतं. मग देणगीदाराचं असेल. पाचवा रकाना पाहिला. देणगीदार एक पुरुष होता आणि तो १९७१ साली वारला होता.

सोमवारी तिने सगळी सत्तावन्न पानं पुन्हा मागवली. या वेळी अकराच नोंदी अडल्या. ११७४ चं स्थान निमूटपणे १-३-२ झालं होतं. तिने आपल्या प्रोग्रामला हातही लावला नव्हता.

पुढच्या गुरुवारी अडलेल्या नोंदी सव्वीस. ११७४ चं स्थान 'दुन्या'.

"म्हणजे तुमचा प्रोग्राम चुकतोय," संचालक सी मोकदाद म्हणाले; 'सी' म्हणजे तिकडचं 'श्री'. ते स्वतः दोन वर्षांपूर्वी राजधानीतून बदलून आले होते आणि उन्हाळ्यात कोठाराच्या खोल्यांकडे फिरकत नसत. तिथे पंखा नव्हता.

"चुकत असता तर रोज तसाच चुकला असता, सी मोकदाद. हा दर वेळी वेगळा चुकतोय."

"मशीन वेगवेगळं चुकतं का?"

"नाही."

"मग?"

सी मोकदादनी उठून दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, येत्या गुरुवारी तपासणी अधिकारी येतोय. नव्या डेटाबेसचा नियम तुम्हाला माहीत आहे. स्थानाच्या यादीत नसलेलं काही सातव्या रकान्यात बसत नाही. बसलं नाही की रकाना रिकामा. रिकामा म्हणजे 'जागेवर नाही'. आणि अम तिजानी या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतायत. अडतीस वर्षं कोठाराची किल्ली त्यांच्या एकट्याच्या कमरेला. अधिकाऱ्याच्या कागदावर एक जरी 'नाही' पडलं, तरी त्यांचं निर्दोष-पत्र अडणार आणि फाइल पोलिसांकडे जाणार. एक जरी. तुमच्याकडे सव्वीस आहेत."

"त्यांनाच विचारू या ना, काय प्रकार आहे ते."

"मुळीच नाही. घेतलं असेल तर सावध होतील. घेतलं नसेल तर म्हातारा माणूस खचेल. नावांबद्दल त्यांच्याशी अवाक्षर नको. तुम्ही तुमच्या बाजूने छडा लावा."

छडा कसा लावायचा? ज्याला ठाऊक असेल त्याला विचारायचं नाही, आणि ज्याला विचारता येईल त्याला ठाऊक नाही.

ती कोठारात गेली. तिजानींना सगळं गाव 'अम', म्हणजे काका, म्हणत असे. चार आठवड्यांत तीही म्हणू लागली होती. निळा कामाचा अंगरखा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दाराजवळच्या टेबलावर संग्रहालयाचा जुना कॉम्प्युटर आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेला चहाचा पेला. वेब-सर्व्हिसला माहिती पुरवायचा तो हाच कॉम्प्युटर. तिजानी त्यावर एका बोटाने लिहीत, आणि प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघून ते उमटलं याची खात्री करून घेत.

"अम तिजानी, अकराशे चौऱ्याहत्तर बघायचा होता," विदाद जमेल तितक्या सहजपणे म्हणाली.

"आज?"

"आज."

"आज कसा दिसेल? सोमवारी ये."

"सोमवारी का?"

"सोमवारी असतो म्हणून."

"दुरुस्तीला गेलाय का?"

"दुरुस्तीला कशाला जाईल? धडधाकट आहे. माझ्याहून धडधाकट आहे."

"मग कपाटात का नाही?"

"पोरी, कापड कायम कपाटात राहिलं की कुजतं. माणूसही कुजतो, आमच्या संचालकसाहेबांकडे बघ." स्वतःच्या विनोदावर हसून त्यांनी तिसरं कपाट उघडून दाखवलं. दुसऱ्या फळीवर पांढऱ्या सुती कापडाची रिकामी घडी आणि तिच्यावर सुकलेली तुळशीची काडी होती. "कुठं आहे ते कॉम्प्युटरात आहे की. मी स्वतः लिहितो. अडतीस वर्षांत एक नोंद चुकवली नाही. आधी वहीत, आता ह्यात."

म्हणजे नावं चुकून आलेली नव्हती. हा माणूस ती स्वतःच्या हाताने, एका बोटाने, लिहीत होता. रबिया, झुबैदा, दुन्या या कोण? विकत घेणाऱ्या बाया? पण दुन्याच्या आधी अंगरखा रबियाकडे होता आणि मधल्या सोमवारी परत कपाटात होता. दर सोमवारी चोरीचा माल जागच्या जागी आणून ठेवणारा आणि चोरीची नोंद सरकारी कॉम्प्युटरात करणारा चोर तिने कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी तिने सातव्या रकान्यातल्या बदलांच्या जुन्या तारखा काढल्या आणि कागदावर वार मांडून पाहिले. वस्तू मंगळवारी-बुधवारी जात होत्या, सोमवारी येत होत्या. मेमध्ये तीन-चार, जूनमध्ये दहा-बारा, जुलैत ही झुंबड. हिवाळ्यात एकही नाही. तिने कागद उलटा ठेवला.

ती मन्नुबिया नावाच्या विधवेच्या घरी वरच्या खोलीत राहत होती. मन्नुबियाला ती 'खालती', मावशी, म्हणे. त्या आठवड्यात खालतीच्या धाकट्या मुलीचं, सालहाचं, लग्न होतं. अंगणात रव्याच्या परातींवर पराती चढल्या होत्या, आणि कोणाचाही पाय कोणाच्याही परातीत पडत होता. मंगळवारी दुपारी मेंदी होती. कामावरून दमून आलेली विदाद साध्या निळ्या झग्यात खाली उतरली, तशी खालतीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे काय? मौतीला आलीस का?"

"माझ्याकडे हाच चांगला आहे, खालती."

"झगा असू दे. खांदा रिकामा आहे त्याचं काय? नवरीच्या मेंदीला रिकाम्या खांद्यानं बसतात का? नवरीचं पुढं काय व्हायचं?" आतल्या खोलीत जाऊन तिने एका गाठोड्यातून चांदीची मोठी, चंद्रकोरीची पिन आणली आणि विदादच्या डाव्या खांद्यावर ओढणीला टोचली. "लग्न उरकेपर्यंत उतरवायची नाही. झोपताना उशाशी. आणि हरवलीस तर आधी मला सांग, नंतर पळ."

विदाद बायकांच्या घोळक्यात बसली, बदामाचं गार सरबत प्यायली, आणि सातव्या रकान्याला तीन तास विसरली. सालहा मधोमध बसली होती. हात मेंदीने बांधलेले, अंगावर पांढरी चादर, त्यामुळे चादरीखाली काय आहे ते दिसत नव्हतं.

बुधवारी सकाळी कामावर येऊन तिने सत्तावन्न पानं शेवटची म्हणून मागवली. उद्या अधिकारी येणार होता. अडलेल्या नोंदी एकतीस. ती एकेक वाचत खाली गेली. ११७४, सालहा. ओढणी, सालहा. पैंजण, सालहा. तिला कालची नवरी आठवली, पण गावात सालहा पुष्कळ असतील, असं म्हणून ती पुढे सरकली. शेवटची नोंद होती:

क्रमांक ६५२. चांदीची पिन, जोडीतली डावी. स्थान: विदाद.

तिने पान बंद केलं आणि पुन्हा मागवलं. स्थान: विदाद.

पहिला विचार असा आला की कोणीतरी थट्टा करतंय. दुसरा असा की उन्हाने डोकं फिरलंय. तिसरा विचार यायच्या आत तिचा हात खांद्यावर गेला होता. तिने ओढणीची पिन काढून उलटी केली. चंद्रकोरीच्या पाठीवर, संग्रहालयात लिहितात तशा बारीक पांढऱ्या शाईत लिहिलं होतं: ६५२.

एकतीस वस्तू गहाळ होत्या आणि त्यातली एक तिच्या हातात होती.

ती धावत दाराजवळच्या टेबलाशी गेली. तिजानी चहाने जीभ भाजू नये म्हणून फुंकर मारत होते.

"अम तिजानी, हे काय आहे?"

"सहाशे बावन्न. डावी आहे ती. उजवी सालहाच्या आत्याकडं आहे."

"माझ्या नावावर का आहे?"

"तुझ्या खांद्यावर होती म्हणून." त्यांनी पेला खाली ठेवला. "मन्नुबियानं काल निरोप धाडला, पाहुणीला दिली म्हणून. मी तेव्हाच नोंद केली. का, नाव चुकलं का?"

"पण तो रकाना जागेचा आहे. कपाटाचा."

"रकान्यावर 'स्थान' लिहिलंय. वस्तू कुठं आहे ते विचारलंय. आहे तिथं लिहिलं." एखाद्या मंद मुलीला समजवावं तसं ते सावकाश बोलत होते. "कपाट लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. कपाटात नव्हतीच ती."

विदाद खुर्चीत बसली. मग सगळं बाहेर आलं, आणि तिजानींना नवल वाटलं ते एवढंच, की हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी संग्रहालय उघडलं तेव्हा गावातल्या घरांनी लग्नाचे कपडे आणि चांदी दिली ती एका अटीवर: वस्तू सांभाळायची संग्रहालयाने, पण गावात लग्न निघालं की ती नवरीच्या घरी जायची आणि सोमवारी परत यायची. एरवी इतका भारी अंगरखा कुठल्या घराला परवडतो? देणगी-वहीच्या पहिल्या पानावर ही अट लिहिलेली होती. खाली पहिल्या संचालकाची सही आणि शिक्का होता.

"उसन्या दिलेल्या वस्तूंचा वेगळा रकाना आहे ना, त्यात का नाही लिहिलंत?"

"त्यात संस्थेचं नाव मागतात, पत्राचा क्रमांक मागतात. सालहा कुठली संस्था?"

"निदान सी मोकदादना तरी..."

"आधीचे साहेब लग्नाला जेवायला यायचे. त्यांना सांगावं लागलं नाही. ह्यांनी कधी विचारलं नाही."

आता सांगणं भाग होतं. विदादने उद्याच्या तपासणीबद्दल सांगितलं. रिकामा रकाना म्हणजे काय ते सांगितलं. निर्दोष-पत्राचं आणि पोलिसांचं सांगताना ती त्यांच्याऐवजी किल्ल्यांकडे बघत होती.

"म्हणजे मी लिहून ठेवलं म्हणून चोर," तिजानी म्हणाले. "लिहिलंच नसतं तर साव होतो."

"आज संध्याकाळपर्यंत सगळं परत मागवता येईल का?"

"नवरीच्या अंगावरून? लग्न उरकायच्या आत परत घेत नाहीत. तुझी पिनही घेणार नाही. मला चोर म्हणोत, अपशकुनी म्हणवून घेणार नाही."

"मग मी सातव्यात कपाटांचे आकडे भरते. कागदावर सगळं जागेवर."

"आणि त्यानं कपाट उघडलं तर?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पोरी, अडतीस वर्षांत एक खोटी नोंद नाही. शेवटच्या आठवड्यात करायला लावू नकोस."

विदाद आपल्या टेबलाशी परतली. तासभर ती पडद्याकडे नुसती बघत बसली. डेटाबेसला काय हवं होतं? सातव्या रकान्यातलं प्रत्येक मूल्य स्थानाच्या यादीत असायला हवं. यादीत चारशे बारा फळ्या होत्या. चारशे तेरावी फळी असू नये, असं कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. यादीत नवी जागा घालायला लागायची फक्त संचालकांची सही.

तिने घरं मोजली. एकतीस वस्तू अकरा जणींकडे होत्या. अकरा नव्या जागा: नाव, गल्ली, दाराची खूण, कधीपासून, कधीपर्यंत, आणि आधार म्हणून देणगी-वही, पान पहिलं. अकरावी जागा लिहिताना तिची बोटं क्षणभर थांबली. मग तिने लिहिलं: विदाद, मन्नुबियाचं घर, वरची खोली.

सी मोकदादनी यादी तीनदा वाचली.

"म्हणजे गाव हे आपलं कोठार?"

"वहीत तसंच आहे."

"आणि सही माझी. उद्या एखादी बाई पैंजण घेऊन पळाली, तर कपाट पळालं असं लिहू?"

"पळाली तर अम तिजानी तिचा नवा पत्ता लिहितील."

ते हसले नाहीत. बोट यादीवरून खाली नेत गेले आणि आठव्या ओळीवर थांबले. नाव होतं हयात. हयात त्यांच्या बायकोचं नाव.

"काल मेंदीहून आली तेव्हा अंगावर लाल लोकरीची शाल होती," ते हळू म्हणाले. "मला म्हणाली, शेजारणीची आहे."

"क्रमांक २८८," विदाद म्हणाली.

सी मोकदादनी पेन उघडलं.

गुरुवारी नऊला अधिकारी आला. झुहैर नाव, चाळिशीचा, हातात कागद लावलेली पाटी. कागदावर प्रत्येक वस्तूपुढे दोनच चौकोन होते: 'आहे' आणि 'नाही'. कपाटांतल्या वस्तू त्याने नमुन्यादाखल दीडशे पाहिल्या. दीडशे जागेवर. मग त्याने नव्या जागांचं पान उलटलं आणि चष्मा पुसला.

"निळं दार, सुताराच्या समोर. ही कोणती खोली?"

"चला, दाखवतो," तिजानी म्हणाले.

पहिल्या घरी पैंजण दिसले आणि मक्रूद, खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, मिळाले. दुसऱ्या घरी ओढणी आणि पुन्हा मक्रूद. झुहैरने नको म्हणून पाहिलं. घरधनीण म्हणाली, "तोंड गोड केल्याशिवाय खूण कशी करणार, साहेब?" संचालकांच्या घरी हयातने शाल स्वतः आणून पाटीवर ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलंही नाही. मन्नुबियाच्या अंगणात सालहाने अंगरख्यावरचा ११७४ चा बिल्ला दाखवला. हात मेंदीचे म्हणून कड उलटून धरली आत्याने, आणि तिच्या खांद्यावर उजवी पिन होती.

"सहाशे बावन्न," झुहैर वाचू लागला. "स्थान: विदाद. ही कोणती..."

"मी," विदाद म्हणाली आणि खांदा पुढे केला.

झुहैरने तिच्याकडे, मग पिनेकडे, मग कागदाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते विदादला चांगलं ओळखीचं होतं. गेले दोन आठवडे तिने ते आरशात पाहिलं होतं. त्याने 'आहे'वर खूण केली.

तीस झाल्या. उरली एक: क्रमांक २०९, मोत्यांची कपाळपट्टी, स्थान दुन्या. दुन्याच्या घरी तिची आई दारात आली आणि तिजानींना बघून तिचा चेहरा उतरला.

"अम तिजानी, ती सासरी गेली काल. पट्टी घालूनच गेली. दिराचं लग्न आहे म्हणे तिकडं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"घाईत राहिलं."

"सोमवारी परत यायची वस्तू आज गुरुवारी दुसऱ्या गावी, आणि तू म्हणतेस घाईत राहिलं?" इतकं चिडलेलं त्यांना विदादने पाहिलं नव्हतं. "माझी नोंद खोटी पाडलीस."

झुहैरने घड्याळ पाहिलं. त्याची गाडी पाचला होती. "म्हणजे ही वस्तू इथं नाही."

"नाही," तिजानी म्हणाले.

विदादने त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"साहेब, तुमच्याकडं दोन चौकोन आहेत. ती इथं नाही हे खरं आहे. 'नाही' लिहा. मी विनवणी करणार नाही. फक्त ती कुठं आहे ते मला ठाऊक आहे, आणि रविवारी मी स्वतः जाऊन आणणार आहे. तेवढं लिहायला तुमच्याकडं चौकोन नाही, त्याला मी काय करू?"

झुहैर पेन धरून उभा राहिला. पेनाचं टोक 'नाही'वर गेलं, तिथून 'आहे'वर आलं, परत गेलं. दुन्याची आई आत जाऊन मक्रूदची बशी घेऊन आली. ती कोणी घेतली नाही. पाटीवर घामाचा एक थेंब पडला. एकदा त्याने तोंड उघडलं, बहुधा नियम सांगायला, आणि मिटलं.

मग त्याने दोन्ही चौकोन कोरे सोडले आणि त्यांच्या पलीकडे, समासात, सुवाच्य अक्षरात लिहिलं: दुन्या.

"एकही 'नाही' नाही," पान उलटत तो स्वतःशीच पुटपुटला. दुन्याच्या उंबऱ्यावर बसून त्याने निर्दोष-पत्रावर सही केली, कागद तिजानींच्या हातात दिला, आणि शेवटी एक मक्रूद उचलला.

तिजानींनी पत्र न वाचताच खिशात घातलं. "कॉम्प्युटर उघडा आहे ना?" त्यांनी विदादला विचारलं. "दोनशे नवाचा पत्ता बदलायला हवा. गाव कसं लिहितात त्यात, गल्लीच्या आधी की नंतर?"

त्यांच्या मागून चालताना विदादच्या डोळ्यांसमोर राजधानीतली एक खोली आली. सोमवारी तिथे झुहैरचा कागद पोहोचेल, आणि तिच्यासारखीच कोणीतरी तो पडद्यावर उतरवायला बसेल. सगळं नीट बसेल. एकच नोंद अडेल. ती बाई आधी स्वतःच्या प्रोग्रामवर संशय घेईल.